वाड्याचे सामान भिंतीतच असते
वऱ्हाडातील गढ्या आणि वाडे : लेखांक ६

गेल्या आठवड्यात आपण गढीचे बुरूज आणि पांढरीच्या मातीचा तट पाहिला. या वेळी उंबरा ओलांडून आत जायचे आहे. सिंदखेडराजाला लखुजीराव जाधवांच्या राजवाड्याचा दर्शनी दरवाजा आजही छाती दडपून टाकतो. दरवर्षी १२ जानेवारीला राज्यभरातून लोक या दरवाजातून आत जातात, १५९८ साली जिजाऊंचा जन्म जिथे झाला त्या जागी माथा टेकतात, आणि परतताना अनेकांच्या मनात एक प्रश्न असतो : एवढ्या मोठ्या सरदाराच्या घरात काहीच कसे नाही? सिंहासन, पलंग, कपाटे गेली कुठे? लुटली, विकली, की वाळवीने खाल्ली? प्रश्न रास्त आहे, पण त्याच्या पोटात एक गृहीतक दडले आहे. घर म्हणजे चार भिंती आणि त्यांत मागाहून आणून मांडलेले सामान, हे ते गृहीतक. आजच्या फ्लॅटला ते लागू पडते, वऱ्हाडातल्या जुन्या वाड्याला नाही. तिथे सुतार आणि गवंडी एकाच वेळी काम करत, आणि आज आपण ज्याला फर्निचर म्हणतो त्यातले बहुतेक भिंतीत, छतात आणि खांबांतच बसवलेले असे. हे एकदा मान्य केले की जुन्या लाकडाचा बाजार, वाड्यांची डागडुजी आणि सिंदखेडराजाच्या रिकाम्या खोल्या यांचा हिशेब नव्याने मांडावा लागतो.

पुरावा कागदात शोधण्याआधी भिंतीत शोधावा. मेहकर, देऊळगावराजा, लोणार या पट्ट्यातला देशमुखांचा किंवा पाटलांचा कोणताही बरा उरलेला वाडा घ्या. घराचे माप खणांत सांगितले जाते, कारण दोन तुळयांमधले अंतर हेच घराचे मूळ एकक. दगडी तळखड्यावर सागवानी खांब, त्यावर तुळई, तुळईवर कड्या, कड्यांवर पाट्या आणि वर धाब्याची माती. या मातीच्या ओझ्यासाठी भिंती दोन-अडीच हात जाड ठेवाव्या लागत, आणि तेवढी जाडी फुकट घालवणारा गवंडी त्या काळी कोणी नव्हता. भिंतीच्या पोटात देवळ्या, कोनाडे, फडताळे निघत. काही घरांत दोन भिंतींमध्ये धान्याचे बळद असे, वरून भरायचे आणि खालच्या तोंडातून काढायचे. कपडे, पागोटी, तलवार टांगायला लाकडी खुंट्या बांधकाम चालू असतानाच आत खोल बसवत, म्हणून त्या उपटल्या तर भिंतीचा लचका निघतो. बंगईच्या कड्यांसाठी तुळईत लोखंडी आकडे असत आणि ती तुळई त्या हिशेबाने निवडलेली असे. कपाट, मांडणी, कोठार, दिवठाण, झोपाळा, सगळे इथेच आले. आता या जागांची उंची पाहा. बैठकीच्या खोलीतल्या देवळ्या जमिनीवर बसलेल्या माणसाच्या हाताच्या टप्प्यात असतात. माडीवरच्या खिडक्यांचा तळ जमिनीपासून जेमतेम हात-दीड हातावर असतो. तिथे खुर्ची टाकून बसा, खिडकी गुडघ्याशी येते आणि वारा पिंढऱ्यांना लागतो. मांडी घालून बसा, म्हणजे रस्ता, आभाळ आणि झुळूक तिन्ही मिळतात. ही खोली जमिनीवर बसणाऱ्यांसाठी आखली होती, हे सांगायला दुसरा साक्षीदार लागत नाही.

तरी साक्षीदार हवाच असेल तर पुण्याचा दरबार आहे. १७९० साली चार्ल्स मॅलेट या इंग्रज वकिलाने पेशव्यांशी तह केला. त्या प्रसंगाचे मोठे तैलचित्र थॉमस डॅनियल याने जेम्स वेल्सच्या रेखाटनांवरून १८०५ मध्ये पूर्ण केले. हिंदुस्थानातल्या एका बलाढ्य सत्तेचा दरबार, आणि चित्रात आहे काय तर बिछायत, गादी, लोड. भपका आहे तो खांबांत, कमानींत, छतात. जे पेशव्यांच्या दिवाणखान्याला साजे ते वऱ्हाडातल्या जहागीरदाराला कमी पडण्याचे कारण नव्हते. दिवसा जाजम अंथरले की कचेरी, पंगतीला पाट मांडले की जेवणघर, रात्री गाद्या टाकल्या की निजायची खोली. एकच सोपा दिवसातून तीन कामांना येई. ज्या खोलीचे काम दर प्रहराला बदलते तिच्यात जड सामान कायमचे मांडून ठेवणे म्हणजे अडगळ. आपल्या ऐतिहासिक मालिकांनी मात्र प्रत्येक जहागीरदाराला सिंहमुखी हातांचे उंच आसन देऊन टाकले आहे. ते सेटवर शोभते, खऱ्या सदरेवर त्याला जागा नव्हती.

इथे पहिला आक्षेप येतो. पलंग होते, संदुका होत्या, चौरंग, देव्हारे, पेटारे होते. मग वाड्यात सामान नव्हते असे कसे म्हणता? बरोबर आहे, होते. पण ते मोजके होते आणि बहुतेक हलते होते. संदूक लेकीबरोबर सासरी जाई, बाज उन्हाळ्यात अंगणात जाई, चौरंग पूजेपुरता निघे. घराचे रूप त्यांच्यावर अवलंबून नव्हते. त्यापुढचा मुद्दा जास्त महत्त्वाचा आहे. वऱ्हाडातल्या वाड्यांत आज जे ‘अँटिक’ म्हणून दाखवतात, वेताची आरामखुर्ची, संगमरवरी माथ्याचे गोल टेबल, बिलोरी हंड्या, भिंतीवरचे लंबकाचे घड्याळ, ते बरेचसे फार उशिराचे आहे. १८५३ मध्ये निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केला. पुढच्या दशकात अमेरिकेतल्या यादवीमुळे तिथला कापूस अडला आणि वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. १८७० मध्ये जलंबहून खामगावला रेल्वेचा फाटा आला. कापूस मुंबईला जाऊ लागला आणि मुंबईची चाल इकडे येऊ लागली : सावकाराच्या दिवाणखान्यात खुर्च्या, भिंतीवर आरसे, आणि १८९४ नंतर रविवर्मा छापखान्याच्या लक्ष्मी-सरस्वतीच्या तसबिरी. हा थरही आपल्या इतिहासाचाच आहे, त्याला कमी लेखू नये. पण तो कापसाच्या पैशाचा थर आहे, गढीच्या काळाचा नव्हे. दोन्ही एका ओळीत मांडून ‘राजेशाही थाट’ अशी पाटी लावली की दोन्ही काळांवर अन्याय होतो.

आता बाजाराकडे येऊ. जुन्या वाड्याचा दरवाजा नीट निरखला तर बिजागरी दिसत नाही. फळीच्या कडेलाच वर आणि खाली लाकडाची कूस काढलेली असते. खालची उंबऱ्याच्या खोबणीत फिरते, वरची चौकटीच्या कपाळपट्टीमागे. आडवा अडसर भिंतीतल्या खोल बोगद्यात सरकून बसतो आणि रात्री ओढून समोरच्या भिंतीतल्या खाचेत घालतात. म्हणजे दाराचा एक भाग उंबऱ्यात, एक गणेशपट्टीच्या मागे आणि एक भिंतीच्या पोटात. असे दार ‘काढून’ घेता येत नाही, भिंत फोडावी लागते. चौकट निघाली की वरची माती खाली येते, पुढच्या पावसाळ्यात धाबे गळते आणि त्यानंतरच्या पावसाळ्यात बसते. खांबांचेही तेच. सुटे झालेले हे लाकूड मग मुंबईत जोगेश्वरी-ओशिवऱ्याच्या जुन्या फर्निचर बाजारासारख्या ठिकाणी विकायला उभे राहते. तिथे दाराला काच लावून जेवणाचे टेबल होते आणि खांब हॉटेलाच्या दारात दिव्याचा दांडा बनतो. १९७२ च्या पुरावशेष व बहुमूल्य कलाकृती कायद्याने शंभर वर्षांहून जुन्या वस्तूंची व्याख्या करताना इमारतीपासून सुटा केलेला भागही त्यात धरला आहे. अशा वस्तूंच्या विक्रीच्या धंद्याला परवाना लागतो आणि खासगी व्यक्तीला त्या देशाबाहेर नेता येत नाहीत. पण कायदा बोलतो तो सुटे झाल्यानंतरच्या वस्तूबद्दल. खासगी वाड्याचे दार सुटे होऊ नये म्हणून तो फारसे काही करत नाही, आणि खरे नुकसान तेव्हाच होते.

व्यापाऱ्याची बाजूही ऐकली पाहिजे. वाटण्या झाल्या, वारस पुण्या-मुंबईत, धाबे बसलेले, वाळवी लागलेली. आम्ही नेले नसते तर हे सागवान चुलीत गेले असते, असे तो म्हणतो, आणि पुष्कळ वेळा ते खरे असते. पण वाचवणे कशाला म्हणायचे? पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात दारे, खिडक्या, दिवे, अडकित्ते यांचा खजिना आहे आणि कोथरूडचा मस्तानी महाल तर सुटा करून तिथे पुन्हा उभा केला आहे. एका माणसाने ध्यासापोटी जमवले आणि शेवटी महाराष्ट्र शासनाला देऊन टाकले. तिथे वस्तूचे गाव आणि ओळख जपली जाते. टेबल झालेल्या दाराचे गाव मात्र कोणालाच ठाऊक नसते. त्यामुळे मी व्यापाऱ्याचा युक्तिवाद अर्धाच मान्य करतो : लाकूड वाचले, घर वाचले नाही.

दुसरा आक्षेप जास्त अवघड आहे. पर्यटक रिकाम्या खोल्या पाहून करणार काय? इंग्लंडमधली खेड्यातली मोठी घरे पाहा, नॅशनल ट्रस्टने १९३० च्या दशकापासून ती सामानासकट स्वीकारली आणि लोक तिकीट काढून पाहतात. गोव्यात चांदोरचे मिनेझेस ब्रागांझा घर आहे, खुर्च्या-पलंगांसकट. मग आपण का नाही? उत्तर त्याच घरांत आहे. चांदोरच्या घरात लोक खुर्चीवरच बसत आले, म्हणून तिथली खुर्ची खरी. आणि इंग्लंडमध्येही डर्बीशरचे कॅल्क अ‍ॅबी १९८५ मध्ये ट्रस्टकडे आले तेव्हा ते सजवण्याचा मोह टाळला गेला. पडझड थांबवली, पोपडे सुटलेल्या भिंती आणि अडगळीच्या खोल्या जशा सापडल्या तशा ठेवल्या, आणि लोक आजही जातात. सिंदखेडराजाला हाच न्याय लावावा. फार तर एका खोलीत सतरंजी, गादी, लोड आणि देवळीत तेलाचा दिवा एवढे मांडावे, आणि बाजूला खण, तळखडा, बळद, अडसराची खाच म्हणजे काय ते चित्रांसह मराठीत लिहावे. येणारा मुलगा खाली बसून खिडकीतून बाहेर पाहील तेव्हा त्याला वाडा कळेल.

लाकडाची आठवण दगडाहून किती लवकर पुसली जाते, हे शनिवारवाड्याने दाखवलेच आहे. १८२८ च्या आगीत आतले सारे गेले, तट आणि जोती राहिली, आणि आज पाहणाऱ्याला तो किल्लाच वाटतो. सिंदखेडराजाला २०२४ मध्ये लखुजीरावांच्या समाधीजवळ भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या कामात शेषशायी विष्णूची सुंदर मूर्ती सापडली, तेव्हा बातम्या झाल्या, गर्दी झाली. व्हायलाच हवी होती. त्याच तालुक्यातल्या एखाद्या खासगी वाड्याचा खांब ट्रकमध्ये चढतो तेव्हा पंचनामाही होत नाही.

म्हणून ज्यांच्या नावावर असे वाडे आहेत त्यांना विनंती. घर ठेवणे परवडत नसेल तर ते पाडण्याचा दोष कोणी देणार नाही. पण एक तुळई उतरवण्याआधी प्रत्येक खोलीचे चारही बाजूंनी फोटो काढा, खण मोजा, देवळ्यांची आणि खिडक्यांची जमिनीपासूनची उंची लिहून ठेवा, खांब आणि चौकटींवर खडूने आकडे घाला, आणि त्या वहीची एक प्रत गावच्या वाचनालयात द्या. वाड्यात वाढलेले एखादे वडीलधारे माणूस अजून असेल तर त्याला शेजारी बसवून कोणत्या खोलीला काय म्हणत तेही लिहा. दोन दिवसांचे काम आहे. विकायचेच असेल तर दार चौकटीसकट, उंबऱ्यासकट आणि गावाच्या नावासकट द्या. पुढच्या लेखांकात धाब्याचे छत : ते का गळते, आणि न गळता दोनशे वर्षे कसे टिकत होते.