एका इंजेक्शनची आशा

गेल्या वर्षीची गोष्ट. दसरा नुकताच झाला होता. दादा डायलिसिसहून घरी आला, आरामखुर्चीत टेकला आणि पिशवीतून एक गुळगुळीत माहितीपत्रक काढून माझ्यापुढे ठेवीत म्हणाला, "कुसुम, आता तुझ्या पोटावर सुरी चालवायला नको. हे वाच."

मी वाचले. स्टेम सेलची, म्हणजे मूळपेशींची, तीन इंजेक्शने घेतली की निकामी किडनी पुन्हा कामाला लागते, असा त्यात दावा होता. खर्च साडेसात लाख रुपये. वहिनी स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. "बँकेतली ठेव मोडायची म्हणताहेत," एवढेच त्या बोलल्या.

दादा माझ्याहून सहा वर्षांनी मोठा. रक्तदाबाकडे वर्षानुवर्षे दुर्लक्ष केले आणि दोन्ही मूत्रपिंडे गेली. आठवड्यातून तीन दिवस, दर खेपेला चार तास तो यंत्राला बांधलेला असे. माझे मूत्रपिंड त्याला चालेल, असे तपासण्यांत ठरले होते. पण वडिलांच्या मागे ज्याने माझी कॉलेजची फी भरली, तो माणूस धाकट्या बहिणीकडून काही घ्यायला तयार नव्हता. म्हणून ते माहितीपत्रक त्याला देवासारखे भेटले. वाचकहो, लोभाने फसणाऱ्याला आवरता येते. मायेने फसणाऱ्याला आवरणे फार कठीण!

मी तीस वर्षे शाळेत विज्ञान शिकविले आहे. म्हटले, भांडण्याआधी अभ्यास करावा.

आपल्या एकेका मूत्रपिंडात सुमारे दहा लाख सूक्ष्म गाळण्या असतात. दिवसाकाठी त्या सुमारे १८० लिटर द्रव गाळतात आणि त्यातला दीड-दोन लिटर सोडून बाकी सगळा रक्ताला परत करतात. या गाळण्या आईच्या पोटातच तयार होतात. गर्भाच्या छत्तिसाव्या आठवड्याच्या सुमारास हे काम संपते. पुढे जन्मभर नवी गाळणी बनत नाही. यकृताचा तुकडा कापला तर ते पुन्हा वाढते. मूत्रपिंडाला ही देणगी नाही.

मग मूळपेशींची कथा खोटी काय? मुळीच नाही. अस्थिमज्जेतल्या मूळपेशी रक्त बनवितात, आणि रक्ताच्या कर्करोगावर त्यांचा उपयोग कित्येक दशके होत आला आहे. जपानच्या शिन्या यामानाका यांनी २००६ साली उंदराच्या आणि २००७ साली माणसाच्या साध्या त्वचापेशींना मूळपेशींसारखे रूप दिले. २०१२ चे नोबेल पारितोषिक त्यांना मिळाले. २०१५ साली मेलबर्नच्या मेलिसा लिटल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा पेशींपासून बशीत इवलेसे मूत्रपिंड वाढविले. पण ते गर्भातल्या मूत्रपिंडासारखे, अपुरे. त्याला शरीराचा रक्तपुरवठा नाही, मूत्र बाहेर न्यायला वाट नाही. बी रुजले आहे. सावलीला बसण्याजोगे झाड अजून व्हायचे आहे.

आणि घाई अंगाशी येते. थायलंडमध्ये एका स्त्रीच्या आजारी मूत्रपिंडांत तिच्याच रक्तातल्या मूळपेशी टोचण्यात आल्या. मूत्रपिंडांत गाठी झाल्या, एक मूत्रपिंड काढावे लागले आणि पुढे ती दगावली. २०१० साली वैद्यकीय नियतकालिकात ही हकिकत प्रसिद्ध झाली.

हे सारे वहीत उतरवून मी दादाच्या डॉक्टरांकडे गेले. ते म्हणाले, "बाई, निकामी किडनी परत चालू करणारा सिद्ध उपचार अजून नाही. चाचण्या चालू आहेत. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वे सांगतात की, रक्ताचे ठराविक आजार सोडले तर मूळपेशी केवळ चाचणीतच वापराव्यात, आणि त्यासाठी रोग्याकडून पैसे घेऊ नयेत. त्यांना एवढेच विचारा: ही चाचणी असेल तर तिचा नोंदणी क्रमांक काय? आणि पैसे कशाचे?"

आम्ही दोघे त्या दवाखान्यात गेलो. दादानेच विचारले. समोरच्या गृहस्थांनी चहा मागविला आणि दिवाळीपूर्वी पैसे भरल्यास मिळणाऱ्या सवलतीविषयी बोलू लागले. नोंदणी क्रमांक काही निघाला नाही. जिना उतरताना दादा गप्प होता.

त्या रात्री मी त्याला हेरिक बंधूंची गोष्ट सांगितली. २३ डिसेंबर १९५४ रोजी बॉस्टनमध्ये डॉ. जोसेफ मरे यांनी रोनाल्डचे मूत्रपिंड त्याचा जुळा भाऊ रिचर्ड याला बसविले. मूत्रपिंड बदलण्याची ही पहिली यशस्वी शस्त्रक्रिया. आदल्या रात्री रिचर्डने भावाला चिठ्ठी पाठविली होती, की तू घरी निघून जा. भावाने उलट कळविले, की आलो आहे तो राहणारच. रिचर्डला आठ वर्षे अधिक मिळाली. देणारा रोनाल्ड एका मूत्रपिंडावर पुढे छप्पन्न वर्षे जगला!

"ते जुळे होते," दादा म्हणाला. "आपल्याला जन्मभर गोळ्या."

"हो, गोळ्या आहेतच," मी म्हटले. त्या गोळ्याही सुटाव्यात म्हणून मूळपेशींचाच उपयोग होऊ लागला आहे. अमेरिकेत स्टॅनफर्डच्या डॉक्टरांनी तीन मुलांना आधी आईच्या किंवा वडिलांच्या रक्तमूळपेशी दिल्या, मग त्यांचेच मूत्रपिंड बसविले. पुढे त्या मुलांना गोळ्यांची गरज उरली नाही. २०२२ साली हे प्रसिद्ध झाले. पण ती मुले एका दुर्मीळ आजाराची होती. आमच्यासारख्यांना अजून थांबायला हवे, आणि दादाला थांबायला वेळ नव्हता.

भाऊबीजेला ओवाळून झाले. दादाने नेहमीप्रमाणे पाकीट ताटात ठेवले. मी ते परत केले. "यंदा मी मागेन ती ओवाळणी द्यायची. नाही म्हणायचं नाही."

तो बराच वेळ निरांजनाकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "तारीख कधीची मिळते, विचार."

फाल्गुनात शस्त्रक्रिया झाली. ठेव पुरती मोडली नाही, पण कमी झाली. दादाच्या गोळ्यांची वेळ वहिनी घड्याळ लावून पाळतात. माझ्या पोटावर वीतभर व्रण आहे. ते माहितीपत्रक मात्र मी जपून ठेवले आहे. कुणी असे पत्रक घेऊन आले, की मी त्याला ते दोन प्रश्न लिहून देते.