स्टिअरिंग अडखळते? तेलात हवा तर नाही?

खडकाळ चढणीवर जीपचे एक चाक दगडावर, तर दुसरे घळीच्या काठाशी आलेले असते. चालक स्टिअरिंग वळवतो. क्षणभर काहीच घडत नाही आणि मग चाके हिसका देऊन वळतात. सपाट रस्त्यावर हा विलंब जाणवणारही नाही. दरीच्या काठावर मात्र तो जिवावर बेतू शकतो. अशा वेळी काही मोडले असेलच असे नाही. अनेकदा स्टिअरिंगच्या तेलात शिरलेली हवा त्याला कारणीभूत असते.

हायड्रॉलिक पॉवर स्टिअरिंग प्रवासी मोटारीत प्रथम आणले ते अमेरिकेच्या क्रायस्लर कंपनीने, १९५१मध्ये. इंजिनावर चालणारा पंप तेलाला दाब देतो आणि ते तेल चाके वळवण्यास मदत करते. हा दाब बहुतेक गाड्यांत वातावरणाच्या दाबाच्या ७० ते १०० पटींपर्यंत जातो. दुर्गम वाटांवरच्या गाड्यांना मोठे टायर असल्याने हौशी मंडळी टाय रॉडला आणखी एक हायड्रॉलिक सिलिंडर जोडतात. त्यासाठी स्टिअरिंग बॉक्सपासून दोन होज पाइप नेले जातात. हे पाइप आणि सिलिंडर सुरुवातीला रिकामे, म्हणजेच हवेने भरलेले असतात.

तेल जवळजवळ दबत नाही. हवा मात्र सहज दबते. त्यामुळे चालकाने लावलेल्या जोराचा काही भाग हवा दाबण्यातच खर्ची पडतो. पंप घरघरतो, तेल फेसाळून दुधाळ दिसते आणि तेलाच्या वंगणाअभावी पंप झिजतो.

हवा काढण्याची रीत

सर्वांत मोठी चूक म्हणजे तेल भरून लगेच इंजिन सुरू करणे. पंप हवा आणि तेल घुसळतो व तयार झालेले सूक्ष्म बुडबुडे निवळायला तासन्‌तास लागतात. म्हणून पहिले काम इंजिन बंद ठेवूनच करावे. गाडीची पुढची चाके उचलून ती भक्कम स्टँडवर ठेवावी. केवळ जॅकवर विसंबू नये. उत्पादकाने सांगितलेलेच तेल टाकीत भरावे आणि स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश १५-२० वेळा फिरवावे. मधूनमधून पातळी पाहून तेल घालत राहावे. हवा वर चढत असल्याने सिलिंडरची तोंडे वरच्या बाजूस असलेली बरी.

बुडबुडे थांबल्यावरच इंजिन सुरू करावे आणि मंद गतीवर हीच क्रिया पुन्हा करावी. स्टिअरिंग टोकाला नेऊन काही सेकंदांहून अधिक धरू नये. दाब कमाल होऊन तेल तापते. शेवटी इंजिन बंद करताच टाकीतील पातळी ठळकपणे वर चढली, तर दबलेली हवा आत शिल्लक आहे असे समजावे.

हवा पुन्हा आली तर?

काही दिवसांत तीच तक्रार उद्भवल्यास पुन्हा हवा काढून उपयोग नाही. टाकीकडून पंपाकडे जाणारा पाइप आणि त्याचे क्लॅम्प आधी तपासावेत. या भागात दाब कमी असल्याने सैल जोडातून तेल बाहेर न ठिबकताही हवा आत ओढली जाते. दाबाच्या पाइपांवरील गळती मात्र हाताने चाचपू नये; बारीक छिद्रातून उडणारे तेल त्वचेत घुसू शकते. पुठ्ठ्याचा तुकडा धरला की डाग दिसतो.

हवा काढण्यास फार तर एखादी सकाळ लागते. ती घाटाच्या पायथ्याशी नव्हे, घराच्या अंगणात खर्च करणे शहाणपणाचे.