सक्तीच्या दहा टक्क्यांवरचा कर

१ नोव्हेंबर २००५ पासून महाराष्ट्र शासनाच्या सेवेत आलेल्यांच्या पगारातून मूळ वेतन व महागाई भत्त्याच्या दहा टक्के रक्कम नव्या अंशदायी निवृत्तिवेतन योजनेसाठी सक्तीने कापली जाऊ लागली; शासनही तीत आपला हिस्सा घालते. केंद्रात ही व्यवस्था १ जानेवारी २००४ पासूनच आली होती. पुढे या योजनेविरुद्धच्या मार्च २०२३ च्या संपात ‘एकच मिशन, जुनी पेन्शन’ ही घोषणा गावोगावी घुमली. या कपातीवरच्या प्राप्तिकराची चर्चा मात्र फॉर्म १६ हाती पडल्यावर, तीही कार्यालयापुरतीच.

सुरुवातीला कलम ८०सीसीडीची वजावट होती, पण कर्मचाऱ्याचा हिस्सा, शासनाचा हिस्सा, विम्याचा हप्ता, घरकर्जाचे मुद्दल हे सारे एक लाखाच्या मर्यादेत बसवावे लागे. २०११ च्या अर्थसंकल्पाने शासनाचा हिस्सा त्या मर्यादेबाहेर काढला. २०१४ मध्ये मर्यादा दीड लाख झाली, २०१५ मध्ये आणखी पन्नास हजारांची सवलत मिळाली.

राज्य कर्मचाऱ्यांवर खरा अन्याय झाला तो २०१९ नंतर. केंद्राने आणि महाराष्ट्रानेही आपला हिस्सा चौदा टक्के केला. केंद्राच्या कर्मचाऱ्याला पूर्ण चौदा टक्क्यांची वजावट, राज्याच्या कर्मचाऱ्याला दहाचीच! वरचे चार टक्के हाती न पडताच करपात्र ठरले. २०२२ च्या अर्थसंकल्पाने हा भेद पूर्वलक्षी प्रभावाने मिटवला, हे चांगलेच झाले.

पण २०२० मध्ये आलेली नवी करप्रणाली २०२३-२४ पासून आपोआप लागू होणारी (डिफॉल्ट) प्रणाली ठरली आणि वेगळाच पेच उभा राहिला. तीत शासनाच्या चौदा टक्क्यांना वजावट आहे, कर्मचाऱ्याच्या स्वतःच्या दहा टक्क्यांना नाही. मूळ वेतन व महागाई भत्ता मिळून महिना एक लाख असेल, तर वर्षाला १ लाख २० हजार कापले जातात आणि तेही करपात्र उत्पन्नात धरले जातात. नव्या प्रणालीचे दर कमी आहेत, अनेकांचा एकूण कर घटतो, हे खरे. विम्याच्या हप्त्यालाही तीत वजावट नाही, पण विमा घ्यायचा की नाही हे माणूस ठरवतो. ही कपात त्याच्या हातात नाही.

निवृत्तीच्या वेळी जमा निधीच्या साठ टक्क्यांपर्यंतची रक्कम करमुक्त मिळते. उरलेल्या किमान चाळीस टक्क्यांची वार्षिकी घ्यावीच लागते आणि तिचे निवृत्तिवेतन पुन्हा करपात्र असते. म्हणजे नव्या प्रणालीत त्याच पैशाचा काही भाग जाताना आणि येतानाही करात सापडतो. कर्मचारी संघटनांनी पेन्शनच्या मागणीबरोबर हीही मागणी लावून धरावी: सक्तीने कापलेल्या दहा टक्क्यांना नव्या प्रणालीतही वजावट मिळालीच पाहिजे.