फाइल वाढत असतानाच वाचायची, तीही बिनचूक

जुन्नर तालुक्यात खोडदची जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे. ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना, सुमारे २५ किलोमीटरवर पसरलेल्या! अशा दुर्बिणींची निरीक्षणं तासन्‌तास चालतात, फाइल वाढतच जाते. ती पूर्ण होण्याआधी वाचता आली तर बिघाड लगेच कळतो. एचडीएफ-५ या फाइल-प्रकारात २०१६ पासून ही सोय आहे: लिहिणारा एक, वाचणारे अनेक. चाचणी मात्र कसून हवी. प्रत्येक नोंदीत अनुक्रमांक आणि चेकसम घाला. एक प्रोग्रॅम लिहीत असताना बाकीच्यांना सतत वाचू द्या; अर्धवट नोंद एकदाही दिसता कामा नये. आणि हो, एनएफएस या नेटवर्कवरच्या फाइल-प्रणालीवर हा प्रयोग नको, तिथे लेखनाचा क्रम पाळला जाण्याची हमी नसते.