आतली कड आधी का झिजते?

स्पोर्ट्‌स कारच्या पुढच्या टायरची बाहेरची बाजू धडधाकट आणि आतल्या कडेला दोरे उघडे, असे बऱ्याचदा आढळते. उभ्याने ते दिसत नाही. स्टीअरिंग पूर्ण वळवून, बॅटरी मारून पाहावे लागते.

दोष लगेच कॅम्बरवर, म्हणजे चाकाच्या उभ्या कलावर येतो. माझदा एमएक्स-५सारख्या गाडीत चाकाचा माथा मुद्दाम किंचित आत झुकवलेला असतो, म्हणजे वळणावर टायर रस्त्याला नीट टेकतो. सरळ रस्त्यावर भार आतल्या कडेवर थोडा जास्त येतो हे खरे, पण तेवढ्याने टायर झपाट्याने संपत नाही. माझ्या मते आधी संशय घ्यावा तो ‘टो’चा, म्हणजे चाकांची तोंडे कुठे वळली आहेत त्याचा. दोन्ही चाकांची तोंडे बाहेर फाकली, की टायर फिरता फिरता आडवाही घासतो आणि झुकलेली आतली कड भराभर जाते. तळहात टायरवर आडवा फिरवून बघा, तारा वर आल्या नसतील तरच! एका दिशेने गुळगुळीत आणि उलट दिशेने करवतीसारखे दाते लागले, तर टो बिघडला आहे.

दोन्ही कडा झिजल्या तर हवा कमी, मधला पट्टा झिजला तर जास्त.

एकाच चाकाची झीज असेल तर बुश, बॉल जॉइंट, टाय रॉड तपासून घ्या. ढिले भाग तसेच ठेवून केलेले अलाइनमेंट टिकत नाही. आखूड स्प्रिंग बसवल्यावर कॅम्बर आणि टो दोन्ही बदलतात, तेव्हाही अलाइनमेंट नव्याने करावेच. आतली खाच १.६ मिमीपर्यंत आली असेल, तर बाहेरची बाजू कितीही चांगली दिसो, टायर बदला.