व्यायाम आणि झोप

मुलांनो, मैदानावर भरपूर खेळलात, की रात्री अंथरुणावर पडताच तुमचे डोळे मिटतात. पण दिवसभर घरात बसून राहिलात, तर झोप लवकर येत नाही. या कुशीवरून त्या कुशीवर वळत राहावे लागते. असे का होते? व्यायामाचा आणि झोपेचा काय संबंध आहे?

झोप म्हणजे नुसते पडून राहणे नव्हे. झोपेतही मेंदूचे काम चालूच असते. जर्मनीतील डॉक्टर हान्स बर्गर यांनी १९२४ साली माणसाच्या मेंदूतील विजेच्या सूक्ष्म लहरींची प्रथम नोंद केली. पुढे शास्त्रज्ञांनी झोपलेल्या माणसांच्या लहरी तपासल्या. तेव्हा झोपेचे टप्पे असतात, हे कळले. आधी हलकी झोप, मग गाढ झोप आणि नंतर स्वप्नांची झोप येते. असे एक चक्र सुमारे दीड तासाचे असते. गाढ झोपेत शरीराची झीज भरून निघते. मुलांच्या वाढीसाठी लागणारे संप्रेरकही याच वेळी रक्तात जास्त येते. दिवसा शिकलेले मेंदू झोपेत पक्के करतो.

आपण जागे असताना मेंदूत ॲडेनोसिन नावाचे द्रव्य हळूहळू साठत जाते. ते जितके साठते, तितकी झोप अनावर होते. मेहनत केली, की जशी पोटाची भूक वाढते, तशीच झोपेची भूकही वाढते. चहातील कॅफिन मात्र ॲडेनोसिनचे काम अडवते. म्हणून रात्री उशिरा चहा प्यायला, की झोप उडते.

दुसरे कारण शरीराच्या उष्णतेचे आहे. धावताना, कबड्डी खेळताना किंवा दोरीवरच्या उड्या मारताना अंग तापते, घाम येतो. खेळ थांबल्यावर अंग हळूहळू निवते. शरीराची उष्णता उतरू लागली, की झोप येणे सोपे जाते. पण अगदी झोपायच्या वेळी जोराचा व्यायाम केला, तर छाती धडधडत राहते आणि झोप लांबते. म्हणून दमवणारा खेळ झोपण्यापूर्वी एक-दोन तास तरी संपवावा.

तिसरे कारण मनाचे आहे. खेळात मन रमते. काळजी, राग आणि भीती कमी होतात. शांत मनाला शांत झोप लागते.

परीक्षा जवळ आली, की अनेक मुले काय करतात? आधी खेळ बंद करतात, मग जागरण सुरू करतात. वेळ वाचला असे त्यांना वाटते. पण खेळ नसल्याने झोप नीट लागत नाही आणि झोप अपुरी झाल्याने वाचलेले आठवत नाही. वाचवलेला तास असा वाया जातो! म्हणून परीक्षेच्या दिवसांतही थोडा वेळ खेळायला जरूर जा.

एकाच दिवशी खूप धावून फारसा उपयोग होत नाही. रोज व्यायाम केला, तर काही आठवड्यांत फरक जाणवतो. ५ ते १७ वर्षांच्या मुलांनी रोज सरासरी ६० मिनिटे अंगमेहनतीचा खेळ किंवा व्यायाम करावा, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली सांगितले आहे. जवळ मैदान नसेल, तर काळजी करू नका. शाळेत पायी जा. अंगणात किंवा गच्चीवर दोरीवरच्या उड्या मारा. घरासाठी पाणी भरणे, जिने चढणे हीसुद्धा मेहनतच आहे. सकाळच्या उजेडात चाललात, तर आणखी चांगले. त्या उजेडाने शरीराचे घड्याळ बरोबर लागते आणि रात्री वेळेवर झोप येते.

चांगली झोप बाजारात विकत मिळत नाही. ती दिवसा कमवावी लागते. आज संध्याकाळी मनसोक्त खेळा. रात्री मोबाइल दूर ठेवा आणि ठरलेल्या वेळी झोपा. सकाळी ताजेतवाने उठाल, तेव्हा वर्गातला धडाही सोपा वाटेल.

स्वाध्याय
१. गाढ झोपेत शरीरात काय काय घडते?
२. झोपायच्या वेळी जोराचा व्यायाम का करू नये?
३. परीक्षेच्या काळात खेळ बंद केल्याने कोणते नुकसान होते?