दहा कोंबड्या घरच्या, लस मात्र गल्लीची



आडसाली ऊस दीड-दीड वर्ष रानात उभा असतो. बिलाचा हप्ता आला की सोसायटीचे कर्ज आणि खताची उधारी यांतच तो वाटला जातो. घरची मीठ-मिरची, पोरांच्या वह्या, एस.टी.चे भाडे हा खर्च मात्र तोडीची पाळी येईपर्यंत थांबत नाही. असला वरखर्च आपल्या घरातल्या बायका पूर्वापार अंडी आणि कोंबड्या विकून भागवत आल्या आहेत. या जोडधंद्याला कर्ज लागत नाही, शेड लागत नाही. लागते ती रोजची थोडी देखभाल आणि वेळेवर लस.

"कोंबडीला काय लागतं? उकिरड्यावर पोसते की!" असे आपण सहज म्हणतो. पोसते हे खरे. पण एखाद्या उन्हाळ्यात मानमोडीची साथ येते आणि आठवडाभरात खुराडे रिकामे होते. मग "आम्हाला कोंबड्या लाभत नाहीत" असे म्हणून लोक नाद सोडतात. वस्तुतः प्रश्न लाभण्याचा नाही, लसीचा आहे. त्याकडे येण्याआधी निवड आणि निगा पाहू.

जात कोणती घ्यावी?

गावठी कोंबडी वर्षाला साधारण ५० ते ६० अंडी देते. अंडी कमी, पण ती खुडूक बसते, पिल्ले सांभाळते, घार दिसताच त्यांना पंखाखाली घेते. हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संचालनालयाने परसासाठी वनराजा आणि ग्रामप्रिया या सुधारित जाती तयार केल्या. वनराजा वजनाला चांगली आणि अंडीही शंभराच्या आसपास देते. ग्रामप्रिया अंगाने हलकी, पण नीट खाणेपिणे मिळाले तर दीडशेच्या वर अंडी देते. बेंगळुरूची गिरिराजाही आपल्याकडे अनेक गावांत रुळली आहे. झाबुआच्या कडकनाथाचा गवगवा फार झाला. परंतु त्याची अंडी कमी असतात आणि भाव गिऱ्हाईक मिळाले तरच मिळतो.

आमचे मत असे की, अंड्यांसाठी सात-आठ सुधारित तलंगा घ्याव्यात आणि सोबत दोन-तीन गावठी कोंबड्या ठेवाव्यात. सुधारित कोंबड्या सहसा खुडूक बसत नाहीत. त्यामुळे अंडी उबवायला गावठीच उपयोगी पडते. एका कोंबडीखाली दहा-बारा अंडी ठेवली की २१ दिवसांत पिल्ले निघतात. मात्र सुधारित जातीची अंडी घरीच बसवून पुढच्या पिढीत तेच गुण उतरतील, अशी अपेक्षा धरू नका. खायच्या अंड्यांसाठी कोंबड्याची गरज नसते. पिल्ले हवी असतील तर दहा माद्यांना एक नर पुरे.

पिल्ले पशुसंवर्धन खात्याच्या अंडी उबवणी केंद्रातून किंवा खात्रीच्या माणसाकडून घ्या. दारावर विकायला येणाऱ्या रंगीबेरंगी पिल्लांना भुलू नका. ती बहुधा अंड्यांच्या जातीतले टाकाऊ नर असतात, अंडे त्यांच्याकडून कधीच मिळायचे नाही. नवख्याने तर एक दिवसाच्या पिल्लांऐवजी महिना-दीड महिन्याची, लस टोचलेली पिल्ले घेणे बरे. लहान पिल्ले आणलीच तर पहिला आठवडा सुमारे ३५ अंश सेल्सिअस ऊब हवी, पुढे दर आठवड्याला ती थोडी थोडी कमी करायची. हल्लीचा एलईडी दिवा उबेच्या कामाचा नाही, जुना तारेचा बल्बच लागतो. पिल्ले बल्बखाली गोळा झाली तर थंडी वाजते आहे, लांब पळाली तर उकडते आहे, एवढे ध्यानात ठेवा.

खुराडे आणि खाणे

दहा कोंबड्यांना रात्रीसाठी पाच फूट बाय चार फूट जागा पुरते. खुराडे जमिनीपासून दोन फूट उंच, लांबी पूर्व-पश्चिम आणि जाळी बारीक असावी. आपल्या भागात घराला लागूनच ऊस असतो. मुंगूस, रानमांजर, कोल्हा यांना तो आसरा. तोड झाली की ही जनावरे वस्तीकडे सरकतात. म्हणून त्या दिवसांत दिवेलागणीला कोंबड्या मोजून दार लावलेच पाहिजे. खाली अंथरायला भाताचे तूस किंवा बारीक केलेले पाचट चालते, पण ते खडखडीत वाळलेले हवे. ओलसर पाचटाला बुरशी येते आणि ती कोंबडीच्या छातीत जाते.

दिवसभर चरून आल्या तरी संध्याकाळी प्रत्येकी मूठभर धान्य द्या. ज्वारी, मका, तांदळाची कणी यांपैकी जे घरात असेल ते चालेल. अंड्याचे कवच पातळ होऊ लागले तर शिंपल्याचा चुरा ठेवा. बुरशी आलेली शेंगपेंड किंवा मका कधीही घालू नका, ते विषच असते. उसात दाणेदार कीटकनाशक टाकले असेल तर काही दिवस कोंबड्या कोंडूनच ठेवा. कोंबडीला तो दाणा धान्यासारखाच दिसतो.

आता लसीचे

मानमोडी, म्हणजेच राणीखेत, विषाणूमुळे होते. एकदा झाल्यावर तिला औषध नाही. पहिल्या आठवड्यात लासोटा लसीचा थेंब डोळ्यात किंवा नाकात, महिन्याच्या सुमारास पुन्हा तोच, आणि आठव्या आठवड्यात आर-टू-बी लस टोचून घ्यायची. देवीची लसही सहाव्या आठवड्याच्या आसपास देतात. नेमके वेळापत्रक आपल्या पशुवैद्यकीय दवाखान्यातून लिहून आणा.

अडचण येते ती इथे. लसीची कुपी बहुधा शंभर किंवा त्याहून अधिक पक्ष्यांची असते. ती बर्फात आणावी लागते आणि एकदा पाण्यात कालवली की दोन तासांच्या आत संपवावी लागते. दहा कोंबड्यांचा धनी म्हणतो, "एवढ्यासाठी कुठं जायचं?" आणि लस राहून जाते. शिवाय आपण एकट्याने टोचली तरी शेजारच्या परसात रोग घुटमळत राहतोच.

यावर उपाय आपल्याला नवा नाही. एका शेतकऱ्याच्या उसावर गाळप चालत नाही, म्हणून आपण एकत्र आलो. तसेच दहा घरांनी मिळून एक कुपी आणावी. वस्तीवर दिवस ठरवा, पहाटे कोंबड्या खुराड्यातच ठेवा, एकाने थर्मासात बर्फ घालून कुपी आणावी आणि उन्हे चढण्याआधी दहाही घरे उरकावीत. हा हिशेब बचत गटातल्या भगिनी चोख ठेवतील. आजारी पक्ष्याला मात्र लस देऊ नका.

आणखी एक गोष्ट मुद्दाम सांगतो. २००६ साली नवापूरला आणि २०२१ साली परभणी जिल्ह्यात बर्ड फ्लूने कोंबड्या मेल्या, हे आपण विसरता कामा नये. एकाएकी बऱ्याच कोंबड्या मरू लागल्या तर मेलेल्या पाटात टाकू नका, आजारी स्वस्तात विकू नका. उघड्या हाताने न हाताळता लगेच दवाखान्यात कळवा. रोग लपवला तर तो आपल्या परसातून सगळ्या गावात जातो.

उन्हाळा तोंडावर येण्याआधी आपल्या गल्लीत किती कोंबड्या आहेत त्या मोजा. शंभर भरल्या की कुपी आणायला निघा.